कोलंबस, इंडियाना – संगमावरचं गाव आणि डिझेलची पेढी

फ्लॅटरॉक (धागालेखिका)

नमस्कार मंडळी,

"कोलंबसला राहते" म्हटलं की दहातले नऊ जण "ओहायो का?" विचारतात. ते मोठं कोलंबस वेगळं. मी राहते ते इंडियानातलं, इंडियानापोलिसच्या दक्षिणेला साधारण ४५ मैलांवर. २०२०च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ५०,४७४ भरली, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. २००७ साली इथे आले तेव्हा वर्षभरात कंटाळून जाईन असं घरच्यांना वाटलं होतं. अजून इथेच आहे. या गावाची गोष्ट मराठीत कुठे वाचायला मिळाली नाही, म्हणून जमेल तशी लिहिते. त्यात पुणेकरांचाही धागा आहे, तो शेवटी येईल.

ड्रिफ्टवुड आणि फ्लॅटरॉक या दोन नद्या गावाच्या पश्चिम अंगाला मिळतात आणि पुढे व्हाइट नदीचा पूर्वेकडचा फाटा म्हणून वाहतात. माझं इथलं नाव त्या फ्लॅटरॉकवरून घेतलंय. १८२० साली जनरल जॉन टिप्टन याने संगमाजवळच्या टेकाडावर लाकडी ओंडक्यांचं घर बांधलं. शेजारी ल्यूक बोनस्टील नावाच्या माणसाचं घर होतं. १८२१च्या सुरुवातीला बार्थोलोम्यू परगणा तयार झाला, त्याला मुख्य ठाणं हवं होतं. टिप्टनने जमीन दिली, गावाला 'टिप्टोना' नाव पडलं. ते फार काळ टिकलं नाही. २० मार्च १८२१ला कमिशनरांनी ते बदलून 'कोलंबस' केलं. टिप्टनला हे भयंकर लागलं आणि तो गाव सोडून गेला. पुढे इंडियानापोलिसहून दक्षिणेला जाणारा रस्ता आखायचं काम त्याच्याकडे आलं, तेव्हा त्याने तो मुद्दाम गावाला वळसा घालून नेला, असं इथली म्हातारी माणसं अजून सांगतात.

गावाला खरा जीव आला तो रेल्वेने. ओहायो नदीवरच्या मॅडिसन बंदरापासून इंडियानापोलिसपर्यंतचा हा राज्यातला पहिला लोहमार्ग. तो कोलंबसला १८४४ साली पोचला आणि राजधानीला १८४७ साली. मधे काही काळ हे गावच शेवटचं स्टेशन होतं. भोवतालचा मका, डुकरं, लाकूड सगळं बैलगाड्यांनी इथे यायचं आणि इथून रेल्वेत चढायचं. लाल विटांचं, घड्याळाच्या मनोऱ्याचं १८७४ सालचं कोर्ट बघितलं की त्या पैशाचा अंदाज येतो.

मग कारखाने आले. कातडं कमावण्याचा होता, गिरण्या होत्या. 'सेरियलाइन' नावाची गिरणी मक्याचे चपटे पोहे काढायची. आधी ते दारूभट्ट्यांना जायचे, नंतर लोक न्याहारीला खायला लागले. कॉर्नफ्लेक्स हा शब्द घराघरांत पोचायच्या कितीतरी आधीची, १८८०च्या दशकातली ही गोष्ट. कंपनी पुढे इंडियानापोलिसला गेली, पण तिची विटांची इमारत अजून उभी आहे.

या सगळ्यात आयर्विन घराण्याची पेढी महत्त्वाची. जोसेफ आयर्विनचं कापडाचं दुकान होतं. दुकानात भक्कम तिजोरी होती आणि लोक पैसे ठेवायला द्यायचे, त्यातून १८७१ साली बँक झाली. त्याचा मुलगा विल्यम ग्लँटन आयर्विन, सगळे त्याला डब्ल्यू. जी. म्हणत. या घराने १९०८ साली मोटार चालवायला एक पोरगा ठेवला, क्लेसी कमिन्स. शिक्षण आठवीपर्यंत, पण हाताला यंत्राचं वेड. आयर्विननी त्याला आपल्या गॅरेजमध्ये कामशाळा थाटू दिली, आणि १९१९ साली दोघांनी मिळून कमिन्स ही इंजिनाची कंपनी काढली.

इथे मला थोडं थांबायचंय, कारण माझ्या मते या गावाचा कणा इथे आहे. सुरुवातीची इंजिनं सहा अश्वशक्तीची, शेतीच्या कामाची होती. सीअर्स रोबक या टपाल-विक्रीच्या कंपनीने ती विकायला घेतली आणि "पसंत नाही पडलं तर पैसे परत" असं आश्वासन दिलं. शेतकऱ्यांनी हंगामभर इंजिन वापरून परत पाठवलं. कंपनी कोसळायच्या बेतात आली. मग बोटींसाठी, खोदकामाच्या यंत्रांसाठी इंजिनं केली, तीही तोट्यात. १९२९च्या ऑक्टोबरात शेअर बाजार गडगडला. त्या नाताळच्या दिवशी क्लेसी जुनी पॅकार्ड गाडी घेऊन डब्ल्यू. जी.च्या दारात आला आणि म्हातारबुवांना फिरवून आणलं. पुढचं झाकण उघडून दाखवलं तेव्हा आत बोटीचं डिझेल इंजिन बसवलेलं होतं. काही दिवसांनी, जानेवारी १९३० मध्ये, तीच गाडी त्याने इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनाला नेली. जवळजवळ ८०० मैल, इंधनाचा खर्च १ डॉलर ३८ सेंट.

तरीही पहिला नफा दिसायला १९३७ साल उजाडलं. १९१९ ते १९३७. एवढी वर्षं एका गावातली पेढी आठवी शिकलेल्या ड्रायव्हरच्या मागे पैसा ओतत राहिली. बाहेरच्या कुठल्याही बँकेने पाचव्या वर्षीच टाळं लावलं असतं. या गावात आज जे काही आहे ते त्या दमधरीतून आलंय, असं मला मनापासून वाटतं.

१९३४ साली घरातला पुढचा मुलगा जे. आयर्विन मिलर व्यवस्थापक झाला. येल आणि ऑक्सफर्डला शिकलेला, ग्रीक-लॅटिन वाचणारा, व्हायोलिन वाजवणारा. त्याने गावाचं काय केलं हे लिहायला बसले तर धागा फार लांबेल. तुम्ही विचारा, मी सांगते.

आणि पुणेकरांचा धागा: १९६२ साली शंतनुराव किर्लोस्करांनी याच कंपनीबरोबर भागीदारीत किर्लोस्कर कमिन्स काढली, कारखाना कोथरूडला. १९९७ पासून ती कमिन्स इंडिया. इथल्या वाणसामानाच्या दुकानात कांदेपोह्याचे पोहे मिळतात त्याचं मूळ १९६२ मध्ये आहे.

---

सह्यकडा

सुंदर लिहिलंय ताई. मी साताऱ्यात दुचाकीचं गॅरेज चालवतो. डिझेलमधलं फार कळत नाही, पण कोलंबस म्हटलं की मला रीव्हज पुली आठवते. ती तुमच्याच गावची ना?

---

फ्लॅटरॉक

हो दादा, आमच्याच गावची, आणि ती मूळ लेखात राहिली याची चुटपुट लागली होती. मिल्टन रीव्हज १८७९च्या सुमारास इथल्या एका लाकूडगिरणीत कामाला होता. करवत एकाच वेगाने फिरायची. मऊ लाकडाला ठीक, पण कठीण किंवा गाठीचं लाकूड आलं की चिरफाळून वाया जायचं. वेग हवा तसा कमी-जास्त करता यावा म्हणून त्याने पुली काढली. पुढे भावांबरोबर १८८८ साली रीव्हज पुली कंपनी झाली. त्याने १९११ साली आठ चाकांची मोटारही केली होती, खड्ड्यांत धक्के बसू नयेत म्हणून. ती कोणी घेतली नाही, पुली मात्र जगभर गेली. पुली कशी चालते ते तुम्हीच सांगा ना, तुमच्या हातातलं काम आहे.

---

सह्यकडा

सांगतो. कोणत्याही बिनगिअरच्या स्कूटीचं डावीकडचं कव्हर उघडा. पुढे एक पुली, मागे एक, मधे रुंद पट्टा. पुढची पुली म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन उथळ वाट्या समजा. त्या लांब असल्या की पट्टा मधे खोल बसतो, म्हणजे पुली लहान झाली. ॲक्सिलरेटर पिळला की आतले रोलर बाहेर फेकले जातात, वाटी आत ढकलली जाते आणि पट्टा वर चढतो, म्हणजे पुली मोठी झाली. मागे बरोबर उलटं होतं. गिअर न बदलता वेग बदलतो. गिऱ्हाईक "गाडी उठत नाही" म्हणून येतं तेव्हा निम्म्या वेळा रोलर एका बाजूने चपटे झालेले असतात.

रीव्हजच्या गिरणीत रोलर नव्हते, तिथे माणूस दांड्याने वाट्या जवळ-लांब करायचा. पण तत्त्व तेच. मी पोरांना काम शिकवताना लाकूडगिरणीची गोष्ट सांगतो. आता गावाचं नावही सांगीन.

---

पाटपाणी

लेख आवडला, पण एक खटकलं. टिप्टन आला, घर बांधलं, जमीन "दिली". त्याची जमीन आली कुठून? त्याच्या आधी तिथे कोणी नव्हतं का? आम्ही धरणग्रस्त. आमच्या गावाचा इतिहासही सरकारी पुस्तकात धरणापासूनच सुरू होतो, म्हणून विचारतो.

---

फ्लॅटरॉक

दादा, तुम्ही योग्य ठिकाणी बोट ठेवलंत. लेखात हे पहिल्या परिच्छेदात यायला हवं होतं.

ही जमीन लेनापी लोकांची, ज्यांना गोरे डेलावेअर म्हणत, आणि मायामी लोकांचीही. १८१८च्या ऑक्टोबरमध्ये ओहायोतल्या सेंट मेरीज इथे करार झाले आणि इंडियानाचा मधला मोठा पट्टा सरकारने घेतला. लेनापींना निघून जायला तीन वर्षांची मुदत दिली. १८१८ अधिक तीन, १८२१. परगणा स्थापन झाला ते साल आणि त्यांची मुदत संपली ते साल यांत अंतर नाही. बाजार वसला तो कोणाचं तरी बिऱ्हाड उठल्यावर.

आणि टिप्टनचं पुढचंही सांगते, कारण गावातल्या कथेत तो फक्त रुसलेला संस्थापक म्हणून येतो. तो पुढे अमेरिकेच्या सिनेटचा सभासद झाला. १८३८ साली उत्तर इंडियानातल्या पोटावाटोमी लोकांना सक्तीने हलवायचं ठरलं तेव्हा सैनिकांची तुकडी घेऊन तोच गेला. मेनॉमिनी नावाच्या त्यांच्या प्रमुखाने करारावर सही केलेली नव्हती. जमातीला प्रार्थनाघरात जमवलं, वेढा घातला, मेनॉमिनीला कैद केलं. सुमारे ८५९ माणसं सप्टेंबरात निघाली आणि कॅन्ससला पोचली नोव्हेंबरात. ६६० मैल. दुष्काळाचं वर्ष, वाटेतलं पाणी खराब. चाळीसहून जास्त जण वाटेत गेले, त्यातली बहुतेक लहान मुलं. त्या वाटेला 'मृत्यूची वाट' असंच नाव आहे.

ती वाट आमच्या गावातून गेली नाही. पण ज्या माणसाच्या नावाने हे गाव जवळजवळ ओळखलं जाणार होतं, त्याच्या नावामागे हे आहे. विचारलंत हे बरं केलंत.

---

पाटपाणी

धन्यवाद ताई. "१८१८ अधिक तीन" हे वाचून थांबलो थोडा वेळ. आम्हालाही मुदतच मिळाली होती.

---

कुंडल_रोड

ही गोष्ट वाचताना मला सारखी किर्लोस्करवाडी दिसत होती, माझं आजोळ तिथलं. लक्ष्मणरावांचं बेळगावात १८८८ पासून सायकलचं दुकान. पुढे कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. "लोखंडाने जमीन विषारी होते" म्हणून पहिली दोन वर्षं नांगर कोणी हातात घेईना. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान आणि कर्जाऊ रक्कम दिली. १९१० साली त्या निवडुंगाच्या माळावर वाडी उभी राहिली. तिथे आयर्विन पेढी, इथे औंधचं संस्थान. धीराने थांबणारं कोणीतरी मागे होतं, दोन्हीकडे.

फरक एवढाच, वाडी कारखान्याने वसवली आणि कोलंबस आधीपासून होतं. तिथे कंपनी गावात आली, इथे गाव कंपनीत आलं. याचा तिथल्या लोकांवर काय परिणाम झाला असं वाटतं?

---

फ्लॅटरॉक

किती नेमकी तुलना! हे मला सुचलं नव्हतं.

परिणाम असा दिसतो की कोलंबस एकाच कारखान्याचं झालं नाही. रीव्हज होतीच. आर्विन नावाची कंपनी मोटारींचे हीटर, पुढे रेडिओ आणि सायलेन्सर करायची. १९३५ पासून कॉस्को, घडीची पायऱ्यांची स्टुलं आणि खुर्च्या. एकीचे दिवस वाईट असले तरी दुसरी चालायची. त्यामुळे १९८०च्या मंदीत आजूबाजूची गावं बसली तशी ही बसली नाही. नंतर जपानी कंपन्या आल्या. टोयोटाचे फोर्कलिफ्ट १९९० पासून इथे बनतात.

शिवाय कमिन्समधल्या कामगारांची युनियन १९३०च्या दशकातच झाली, आणि तीही बाहेरच्या मोठ्या महासंघाला न जोडलेली, त्यांची स्वतःची, डिझेल वर्कर्स युनियन.

---

मृदा

मी वास्तुविशारद, कोल्हापूरची. ताई, आर्किटेक्चरच्या कॉलेजात या गावाचं नाव ऐकलं नाही असा विद्यार्थी नसेल! तुम्ही त्याबद्दल एक ओळही लिहिली नाही म्हणून मीच लिहिते.

१९४२ साली इथे एलिएल सारिनेनने चर्च बांधलं. साधी चौकोनी इमारत, बाजूला सुटा उभा मनोरा. अमेरिकेतल्या अगदी पहिल्या आधुनिक चर्चपैकी एक. त्याचा मुलगा एरो आणि मिलर यांची मैत्री झाली. युद्धानंतर गावात मुलं वाढली, शाळा हव्या होत्या, आणि घाईघाईत सुमार इमारती उठायला लागल्या. तेव्हा मिलरनी शाळा मंडळापुढे प्रस्ताव ठेवला: आम्ही दिलेल्या यादीतून वास्तुविशारद निवडा, त्याची फी कंपनीचं फाउंडेशन देईल. पहिली शाळा हॅरी वीजची, १९५७. मग हेच इतर सार्वजनिक इमारतींना लागू झालं. आय. एम. पेईचं वाचनालय १९६९. त्याच्यापुढे हेन्री मूरची ब्राँझची प्रचंड कमान. एरो सारिनेनची बँक १९५४ सालची, चारी बाजूंनी काच, आत जाळ्यांचे पिंजरे नाहीत. गिऱ्हाईक आणि कारकून समोरासमोर. त्या काळात बँक म्हणजे दगडी किल्ला असायची.

मला सर्वांत आवडते ती रॉबर्ट व्हेंटुरीची अग्निशमन केंद्र क्रमांक चार, १९६८. चर्च, बँक यांना सगळेच नटवतात. अग्निशमन केंद्राला कोण नटवतो? व्हेंटुरीने नटवलंही नाही. बंब उभे राहायला जागा, माणसांना झोपायला जागा, आणि मधे उंच गोलसर मनोरा. तो कशाला, तर ओले होज टांगून वाळवायला. मनोऱ्याच्या दर्शनी भागाला पांढऱ्या चकचकीत विटा, त्यावर भला मोठा ४. बाजूच्या भिंती लाल विटांच्या. रस्त्याने वेगाने जाणाऱ्यालाही कळावं की हे काय आहे. बस्स. गरजेतूनच सौंदर्य काढलंय.

---

स्पष्टवक्ता

सगळे भारावून बोलतायत म्हणून दुसरी बाजू मांडतो. यादी कंपनीच्या फाउंडेशनची. म्हणजे गावाची शाळा कोणी बांधायची ते एका श्रीमंत घराने ठरवायचं. आज चांगला माणूस आहे म्हणून ठीक, पण हे लोकांचं राज्य कसं?

---

फ्लॅटरॉक

प्रश्न रास्त आहे आणि इथेही विचारला जातो. यादीत अनेक नावं असायची आणि निवड मंडळाची असायची. बांधकामाचा खर्च करदात्यांचा, फाउंडेशनची फक्त फी. पैसा नको असेल तर स्वतःचा माणूस घ्यायची मोकळीक होती. त्यामुळे हुकूम म्हणता येणार नाही. पण फुकट मिळणारी गोष्ट नाकारणं कोणत्याही मंडळाला जड जातं, हे मला मान्य आहे. आणि सपाट छपरं, काचेच्या भिंती यांची देखभाल पुढच्या पिढ्यांच्या गळ्यात पडते. एरो सारिनेनच्या नॉर्थ ख्रिश्चन चर्चची माणसं कमी होत गेली आणि २०२२ साली ती मंडळी विसर्जित झाली. एवढी मोठी वास्तू मूठभर म्हाताऱ्यांनी कशी सांभाळायची? आता ती वाचनालयाकडे आली आहे.

मिलरबद्दल एक सांगते. तो १९६०च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या चर्चांच्या राष्ट्रीय परिषदेचा अध्यक्ष होता, पाद्री नसलेला पहिलाच. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी निघालेल्या १९६३च्या वॉशिंग्टन मोर्चाच्या मागे ती परिषद उभी राहिली. दक्षिण इंडियानातल्या कारखानदाराने त्या काळात हे करणं सोपं नव्हतं. २००४ साली तो गेला.

आणि पेढीचं काय झालं ते सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. ज्या बँकेने इंजिनाच्या कारखान्यासाठी इतकी वर्षं कळ काढली, तीच बँक १८ सप्टेंबर २००९ला सरकारी नियामकांनी बंद केली. गावाबाहेरच्या घरकर्जांच्या धंद्यात ती अडकली होती. १८७१ पासूनची पेढी एका शुक्रवारी संपली. शनिवारी सकाळी मी त्या काचेच्या इमारतीवरून गेले. आत दिवे होते, दुसऱ्या बँकेची माणसं कागद लावत होती. रस्त्यापलीकडे एक आजोबा टोपी हातात घेऊन नुसते उभे होते.

---

स्पष्टवक्ता

हे माहीत नव्हतं. आता कंपनीचंही बोलूया. डिसेंबर २०२३ मध्ये ट्रकच्या धुराच्या चाचण्यांवरून अमेरिकन सरकारशी समझोता झाला आणि १६७ कोटी ५० लाख डॉलरचा दंड बसला. हेही इतिहासातच धरायला हवं.

---

फ्लॅटरॉक

धरायलाच हवं. हवा स्वच्छ ठेवणाऱ्या कायद्याखालचा तोपर्यंतचा सर्वांत मोठा दंड होता तो. गावातल्या लोकांना तो आकडा फार टोचला, कारण इथे कंपनीचं नाव घरातल्या माणसाच्या नावासारखं घेतात. बातमी आली त्या आठवड्यात न्हाव्याच्या खुर्चीपासून चर्चच्या जेवणापर्यंत तोच विषय होता.

---

खडीक्रशर

मी नगर जिल्ह्यात क्रशरवर तीस वर्षं मेकॅनिक होतो. आमच्याकडे कमिन्सचं एनटी ८५५ इंजिन होतं, चौदा लिटर, सहा सिलिंडर. नवीन पोरांना सांगून खरं वाटत नाही, पण ते इंजिन आम्ही झाडाखाली खोललं आहे आणि झाडाखालीच बसवलं आहे. त्याचं गुपित पी.टी. पंप. इतर डिझेलला प्रत्येक सिलिंडरला वेगळी जाड पाइप आणि पंपातच भयंकर दाब. पाइप फुटली की धंदा बंद. कमिन्समध्ये पंप हलक्या दाबाने एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देतो, आणि दाबायचं काम वरून कॅमचा दांडा करतो. किती डिझेल जाणार ते दोन गोष्टींवर, नळीतला दाब आणि भोक उघडं राहायचा वेळ. प्रेशर आणि टाइम, म्हणून पी.टी. हे कोणत्या गावात निघालं ते आज कळलं.

घाट उतरताना अमेरिकेतल्या ट्रकचा जो फाडफाड आवाज येतो तो इंजिन ब्रेकही कमिन्सचाच असं ऐकलंय, खरं का?

---

फ्लॅटरॉक

काका, झाडाखाली इंजिन खोलणाऱ्या माणसाला मी काय सांगणार! तुमचा पी.टी. पंप १९५०च्या दशकाच्या सुरुवातीचा. १९५२च्या इंडियानापोलिस शर्यतीत कमिन्सच्या डिझेल गाडीने सर्वांत जास्त वेगाची नोंद करून पहिल्या जागेवरून सुरुवात केली होती. टर्बोचार्जरच्या तोंडात रबराचा कचरा अडकून ती मधेच थांबली, ते सोडा. त्याआधी १९३१ साली त्यांची डिझेल गाडी ५०० मैलांच्या या शर्यतीत एकदाही न थांबता पार गेली होती. तेरावी आली, पण वाटेत इंधन घेतलं नाही. असं आधी कोणी केलं नव्हतं.

इंजिन ब्रेक क्लेसी कमिन्सचाच, कंपनीचा नव्हे. १९३१ सालीच तो डिझेल ट्रक घेऊन न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाला होता, डिझेल किती स्वस्त पडतं ते दाखवायला. कॅलिफोर्नियात काहोन पास उतरताना ब्रेक तापून निकामी झाले. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी हवा अडवणारी झडप नसते, त्यामुळे पाय काढला तरी इंजिन गाडी धरत नाही. बोरघाटात ब्रेक गेल्यावर काय होतं ते आपल्याला सांगायला नको. उताराच्या पायथ्याशी रेल्वे फाटक, आणि फाटकातून मालगाडी जात होती. शेवटचा डबा पुढे सरकला आणि ट्रक मागून निसटला. क्लेसीने तो उतार पुढे पंचवीसेक वर्षं डोक्यातून जाऊ दिला नाही. निवृत्त झाल्यावर त्याने यावर उपाय काढला: इंजिन हवा दाबतं, त्या दाबलेल्या हवेने पिस्टन परत ढकलायच्या आतच एक्झॉस्टचा वॉल्व्ह उघडून ती सोडून द्यायची. दाबायला लागलेली ताकद परत मिळत नाही, म्हणून गाडी धरली जाते. फाडफाड आवाज त्या सुटलेल्या हवेचा. जेकब्ज कंपनीने १९६१ पासून तो बाजारात आणला.

तुम्ही इथे आलात तर कंपनीच्या मुख्यालयाच्या लॉबीत नेईन. तिथे एक आख्खं इंजिन सुटं करून हवेत टांगलंय. बोल्ट, वॉशर, पिस्टन, गॅस्केट, प्रत्येक तुकडा बारीक तारेवर, आपापल्या जागेपासून थोडा दूर. वाटतं की कोणीतरी टाळी वाजवली तर सगळं पटकन जुळेल. आणि त्या मुख्यालयाच्या आवारात सेरियलाइनची जुनी गिरणी जपून ठेवलीये, मक्याच्या पोह्यांची.

---

खडीक्रशर

तारेवरचा पुश रॉड बघायचाय मला.

---

पाटपाणी

संगमावर गाव म्हणजे पूर येत असणार.

---

फ्लॅटरॉक

७ जून २००८. त्या दिवशी नद्यांपेक्षा हॉ क्रीक नावाच्या ओढ्याने जास्त घात केला. रुग्णालयाच्या तळघरात पाणी शिरलं, सगळे रुग्ण हलवावे लागले आणि ते ऑक्टोबर संपेपर्यंत नीट सुरू झालं नाही. मला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आमच्या तळघरात छातीएवढं पाणी, त्यात आईने दिलेली पोळपाट-लाटण्याची पेटी तरंगत होती. शेजारच्या आजी, ज्यांच्याशी तोपर्यंत फक्त "हॅलो" होतं, पंप घेऊन आल्या आणि रात्रभर आमच्याकडे थांबल्या. वर्षभरात निघून जाणार होते ते त्यानंतर कधी मनात आलं नाही.

---

कोथरूडची_माती

दोन दिवस हा धागा वाचतेय, लिहू की नको करत होते. माझे बाबा किर्लोस्कर कमिन्समध्ये होते. कोथरूड तेव्हा पुण्याबाहेर, सायकलने जायचे. त्यांना १९७१ साली ट्रेनिंगला कोलंबसला पाठवलं होतं. चार महिने. पहिल्यांदाच विमान, पहिल्यांदाच बर्फ. त्यांचा तिथला एकच फोटो आमच्याकडे आहे. कोट दुसऱ्या कोणाचा तरी, बाह्या लांब. मागे पांढऱ्या विटांची उंच भिंत आणि तिच्यावर मोठा ४. आम्ही लहानपणापासून समजत आलो की ते कारखान्याचं चार नंबरचं गेट. बाबा गेल्या वर्षी गेले. मृदा यांचा प्रतिसाद वाचला आणि फोटो काढून परत बघितला. भिंत सरळ नाही, गोलसर आहे.

---

मृदा

अगं, ते गेट नाही! ते व्हेंटुरीचं केंद्र आहे. १९७१ म्हणजे बांधून तीनच वर्षं झालेली. मी पुस्तकात बघितलेल्या इमारतीपुढे तुझे बाबा उभे राहिलेत.

---

फ्लॅटरॉक

आज शनिवार, सकाळी जाऊन आले. केंद्र अजून चालू आहे. ड्युटीवरच्या माणसाला मराठीतला धागा फोनवर दाखवला, त्यातला ४ तेवढा त्याला वाचता आला. तो म्हणाला, परदेशी पाहुणे फोटो काढायला येतात ते बहुतेक आर्किटेक्ट असतात, इंजिनवाला पहिल्यांदाच ऐकतोय. त्याने बंब बाहेर काढून ठेवला, म्हणजे मला मनोऱ्यासमोर नीट उभं राहता यावं.

तुम्ही व्यनितून (खासगी निरोपातून) पाठवलेला फोटो जुळवून बघितला. बाबांच्या उजवीकडे जे कोवळं रोपटं दिसतंय, काठीला बांधलेलं, तिथे आता झाड नाही, गवत आहे. त्यांचे पाय फुटपाथच्या दुसऱ्या फरशीवर आहेत. मी तिथेच उभी राहिले. फोटो व्यनि केलाय.